उंदीर, घर आणि नगर

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांना गंमत वाटली असेल. व्याख्यानमालेत पानिपत यावे, ज्ञानेश्वर यावेत, फार तर नाणी आणि ताम्रपट यावेत. उंदराने इथे येण्याचे कारण काय? आमचे उत्तर सरळ आहे. मुठेच्या काठच्या या आपल्या पुण्यात ज्याच्या पायी हजारो माणसे दगावली, ज्याच्या निमित्ताने गोरे शिपाई माजघरापर्यंत आले, दोन इंग्रज अधिकाऱ्यांचे खून झाले, तरुण फासावर गेले आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तो प्राणी वाघ नव्हे आणि सापही नव्हे. तो आपल्या माळ्यावरचा साधा घरउंदीर होय. आश्चर्याची गोष्ट अशी की हे सारे घडत असताना त्याचे नाव कोणाच्या आरोपपत्रात नव्हते. सरकार माणसांना धरीत होते, माणसे सरकारवर चिडत होती, आणि खरा गुन्हेगार दोघांच्या डोक्यावरून तुळईवरून पळत होता. आज या गैरहजर आरोपीचा थोडा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम घर पाहू. नदीकाठचे गाव वसते ते पाण्यासाठी. पाण्यामागे धान्य येते आणि धान्यामागे उंदीर येतो. हा क्रम इतका जुना आहे की आपण त्याला निसर्गनियमच समजतो. पेशवाईतल्या पुण्याचा वाडा डोळ्यांपुढे आणा. जाड विटामातीच्या भिंती, लाकडी तुळया, कौलांखाली काळोखा माळा, भिंतीत बळदे, कोठीच्या खोलीत कणग्या, आणि त्यांत वर्षाची बेगमी. परसात गोठा, गोठ्यात पेंड व कडबा. मोरीचे पाणी उघड्या गटारात, गटाराचे ओढ्यात, ओढ्याचे नदीत. माणसाने स्वतःसाठी बांधलेले हे घर उंदरासाठीच बांधले असावे असा संशय यावा, इतके ते त्याच्या सोयीचे होते. वर काळा घरउंदीर, खाली जमिनीत बिळे करणारी घूस, मोरीशी चिचुंद्री, अशी त्या घराची मजल्यावार वाटणी झालेली असे.

या भाडेकऱ्यांशी आपल्या आजीपणजींनी जो व्यवहार ठेवला, तोही एक शास्त्रच होता. गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात, कडधान्यात चाळलेली राख. दर उन्हाळ्यात धान्य गच्चीवर किंवा अंगणात टाकून कडक ऊन देणे. ढेकणांसाठी खाटा बाहेर काढून सांध्यांत उकळते पाणी ओतणे. डासांसाठी तिन्हीसांजेला ऊद आणि कडुलिंबाचा धूर. जमीन शेणाने सारवली की भेगा बुजत, आणि भेगा बुजल्या की किड्यामुंग्यांचे बिऱ्हाड उठे. उंदरासाठी मांजर, चाप आणि पिंजरा. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पुष्कळ घरी मारीत नसत. गणपतीचे वाहन म्हणून गावाबाहेर नेऊन सोडीत. तो बहुधा दुसऱ्याच्या घरी जाई, हा भाग निराळा. या एका चालीत जुन्या व्यवस्थेचे बळ आणि दुबळेपण दोन्ही दिसतात. प्रत्येक घर आपापल्या उंबरठ्याच्या आत दक्ष होते. पण उंबरठ्याबाहेरच्या गल्लीचा, ओढ्याचा, शेजारच्या वाड्याचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

असे असूनही एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक होती, आणि ती मोठ्या मोलाची होती. घरात उंदीर आपोआप मरून पडू लागले की ते घर सोडावे, ही ती गोष्ट. कुमाऊँ आणि गढवालच्या डोंगरांत महामारी येई, तेव्हा उंदीर मरताना दिसताच गावकरी गाव सोडून रानात जात. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात १६१९ च्या सुमारास आग्र्याच्या साथीची हकीकत नोंदविली आहे. आसफखानाच्या मुलीने ती त्याला सांगितली. अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा पडत-उठत चालला होता; दासीने तो शेपटीला धरून मांजरापुढे टाकला; मांजराने तो तोंडात धरला आणि लगेच टाकून दिला. मग मांजर आजारी पडले, मग दासी, आणि आठ-नऊ दिवसांत त्या घरातली सतरा माणसे गेली. बादशहाने कारण सांगितले नाही, पण क्रम अचूक टिपला: आधी उंदीर, मग माणूस.

आता १८९६ सालाकडे येऊ. त्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले आणि हा प्लेग आहे असे जाहीर केले. मांडवी हा बंदराशेजारचा, धान्याच्या वखारींचा भाग. तिथे उंदीर मरून पडत होते हे अनेकांनी पाहिले होते. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत यर्सिन आणि कितासातो यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता. जंतू सापडला होता, पण तो माणसात शिरतो कसा हे कोणासच उमगले नव्हते. कोणी म्हणे घाणीतून, कोणी म्हणे हवेतून, कोणी म्हणे अनवाणी पायांच्या जखमांतून, कोणी म्हणे रोग्याच्या कपड्यांतून. आपल्या वैद्यांनी आणि वर्तमानपत्रांनी रोगाला ‘ग्रंथिक संनिपात’ असे नाव दिले. नावाने भीती कमी झाली नाही.

१८९६ च्या अखेरीस साथ पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. चार कलमांचा हा लहानसा कायदा सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार देणारा होता. साताऱ्याहून वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याला आणून पुण्याच्या प्लेग समितीवर बसविण्यात आले. हाँगकाँगला साथीच्या वेळी गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या आणि सफाई करविली होती. तोच नमुना पुण्यासाठी पसंत पडला. मार्च महिन्यात झडत्या सुरू झाल्या. शिपायांच्या टोळ्या पेठापेठांतून फिरू लागल्या. रोगी सापडला की तो इस्पितळात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत. मागे घरात जमीन उकरायची, औषधी पाणी ओतायचे, कौले काढून ऊन आत घ्यायचे, चुना मारायचा, कपडेलत्ते आणि सामान जाळायचे.

या झडत्यांत काय काय झाले हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट गेले. स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांनी केली. सामान नाहीसे झाल्याच्या तक्रारी झाल्या. टिळक त्या काळात पुणे सोडून गेले नाहीत. उपाय नकोत असे त्यांचे म्हणणे नव्हते. हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उभारण्यात त्यांचा हात होता. त्यांचा कटाक्ष होता तो उपाय करण्याच्या तऱ्हेवर. शहराच्या पूर्वेला, मुंढवा-हडपसरच्या बाजूस, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रोग्यांची शुश्रूषा करीत होते. रोग्यांना उचलून आणता आणता सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच शहरात, त्याच महिन्यात, सेवेची आणि सक्तीची अशी दोन रूपे शेजारी शेजारी उभी होती. पुढे २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. चाफेकर बंधू फासावर गेले. हा इतिहास सर्वांच्या तोंडी आहे. आम्हाला त्यातला न बोललेला भाग सांगायचा आहे.

तो भाग असा. १८९७ च्या जूनपर्यंत पुण्यात जे जे केले गेले, ते रोग माणसाकडून माणसाकडे जातो, किंवा घाणीतून वर येतो, या समजुतीवर केले गेले. म्हणून रोगी शोधायचा, म्हणून जमीन उकरायची. रोग्याला हलवले, पण उंदीर जागच्या जागी राहिला. मोऱ्या-गटारांत औषधी पाणी ओतले की उंदीर तिथून निघून शेजारच्या घरात शिरणार, हे आज कोणीही सांगेल. छावणीत नेलेली माणसे मात्र वाचण्याचा संभव होता. कारण ती माणसांपासून दूर गेली हे नसून, ती आपल्या उंदरांपासून दूर गेली हे होते. योग्य गोष्ट चुकीच्या कारणासाठी आणि त्याहून चुकीच्या रीतीने केली गेली. जी माणसे आपण होऊन गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहिली, त्यांनी तेच केले. त्यांच्यामागे बंदूक नव्हती एवढाच फरक.

सक्तीचा आणखी एक परिणाम झाला. लोक रोगी लपवू लागले. ज्या बातमीवर साथीचा सगळा बंदोबस्त अवलंबून असतो ती बातमीच बंद झाली. घरात उंदीर पडला तर तो गुपचूप बाहेर फेकण्याची बुद्धी माणसाला का होऊ नये? सांगितले तर घर उकरले जाणार, सामान जळणार, बायकामुले छावणीत जाणार. सरकारला सर्वांत उपयोगी पडू शकणारा बातमीदार म्हणजे त्या घरची गृहिणी. सकाळी केर काढताना मेलेला उंदीर तिलाच प्रथम दिसतो. नेमके तिचेच तोंड या धोरणाने बंद केले.

आता शास्त्राचा धागा उचलू. रँडच्या मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत, २ जून १८९८ रोजी, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी असलेला, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होण्याची सोय नव्हती. फक्त पिसवा जाळीतून जाऊ शकत होत्या. काही दिवसांत दुसरा उंदीरही प्लेगने मेला. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात, आणि दुसरा उंदीर नसेल तर माणूस चालतो, हे सिमाँने सांगितले. जहांगीराने टिपलेल्या क्रमाचे कारण पावणेतीनशे वर्षांनी सापडले.

सापडले, पण पटले नाही. त्याच सुमारास नेमलेल्या हिंदुस्थानच्या प्लेग कमिशनने हा सिद्धान्त बाजूस सारला. रक्त शोषणाऱ्या किड्यांचा या रोगाच्या प्रसाराशी विचार करण्याजोगा संबंध नाही असा निर्वाळा दिला. विद्वानांनी नाकारलेली गोष्ट पुढे मुंबईतच सिद्ध झाली. डॉ. ग्लेन लिस्टन यांनी प्लेग झालेल्या जागांत गिनिपिग मोकळे सोडले; त्यांच्या अंगावर ज्या पिसवा गोळा झाल्या त्या उंदराच्या निघाल्या, आणि गिनिपिग प्लेगने मेले. १९०५ साली नव्याने नेमलेल्या संशोधकांनी परळच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट पक्की केली. जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यातला प्राणी मरे. दोन फूट उंच टांगलेला वाचे, कारण पिसवेची उडी तिथवर जात नाही. बारीक जाळीने पिसवा अडविल्या की आजारी उंदरांच्या शेजारी राहूनही प्राणी निरोगी राहत. मुंबईत त्यांनी साथीचा क्रमही मोजला: आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत मरतूक, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि आणखी दहा-चौदा दिवसांनी माणसांत. म्हणजे उंदीर पडल्यापासून माणूस पडेपर्यंत जवळजवळ पंधरवड्याची मुदत निसर्गाने आपल्याला दिलेली होती. घर सोडायला, लस टोचून घ्यायला, धान्य हलवायला पंधरवडा पुरतो. ती मुदत वाचता येणारे डोळे मात्र हवे होते.

१९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन यांनी शेवटची कडी जोडली. प्लेगचे जंतू पिसवेच्या घशाशी वाढून तिचा अन्नमार्गच बंद करतात. पोटात रक्त जात नाही, म्हणून उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते, आणि दर चाव्याला जंतू जखमेत ओकते. एका किड्याच्या उपासमारीवर लाखो माणसांचे मरण टांगलेले होते. या साथींत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. पुण्याला तर प्लेग पुढे कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिला.

या ज्ञानाच्या उजेडात रँडचा न्याय कसा करावा? १८९७ साली जे जगात कोणालाच सिद्ध करून दाखविता आले नव्हते, ते त्याला ठाऊक नव्हते याबद्दल आम्ही त्याला दोष देणार नाही. दोष आहे तो निराळा. ज्याला कारण ठाऊक नाही त्याने लोकांना विचारायचे असते. मांडवीच्या वखारीतल्या हमालाने, कुमाऊँच्या शेतकऱ्याने आणि पुण्याच्या गृहिणीने उंदीर पाहिला होता. अज्ञानाला नम्रतेची जोड असती तर ते अज्ञान लवकर संपले असते. त्याला अधिकाराची जोड मिळाली म्हणून ते घातक झाले. आणि न्याय करावयाचा तर आपलाही केला पाहिजे. आपण सोवळ्याचा आणि देवघराचा अपमान बोलून दाखविला, तो रास्तच होता. पण आपल्या माळ्यावरचे उंदीर, उघडी गटारे आणि नदीकाठचे उकिरडे यांविषयी आपण तितक्या तीव्रतेने बोललो नाही. अपमान बाहेरून आला होता. उंदीर आपलेच होते.

उंदीर दोषी ठरल्यावर साहजिकच त्याला मारण्याची लाट आली. इथे इतिहासाने एक मजेशीर धडा घालून ठेवला आहे. तांबड्या नदीच्या काठी हनोई नावाचे शहर आहे. तिथे फ्रेंचांनी मोठ्या अभिमानाने जमिनीखाली नवी गटारे बांधली. गटारांत उंदरांचे राज्य पसरले. १९०२ साली सरकारने उंदीर मारणाऱ्यास बक्षीस लावले. पुरावा म्हणून फक्त शेपूट आणायची. शेपट्यांचे ढीग येऊ लागले, आणि शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे तो पुन्हा पोरे घालील आणि पुन्हा शेपट्या मिळतील. शहराबाहेर तर बक्षिसासाठी उंदीर पाळले जात होते. सरकारने बक्षीस बंद केले. मोजायला सोपी वस्तू आणि साधायचे काम या दोन गोष्टी एक नसतात, हे सांगायला याहून चांगला दाखला आम्हाला ठाऊक नाही.

उंदराचे गणित पाहा. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. एका वेळी सहा-आठ पिल्ले. तीन महिन्यांत ती पिल्ले स्वतः विण्याजोगी होतात. निम्मे उंदीर मारले तरी उरलेल्यांना दुप्पट खायला मिळते, आणि थोड्याच महिन्यांत संख्या पूर्ववत होते. उंदरांची संख्या ठरविणारा मांजर नव्हे आणि विषाची गोळीही नव्हे. ती ठरवते त्यांना मिळणारे अन्न आणि त्यांना मिळणारी भोके. म्हणून उंदीर कमी करायचा तर धान्य झाकले पाहिजे, उकिरडा उचलला पाहिजे, गटार बंदिस्त केले पाहिजे, भिंतीचे भोक बुजवले पाहिजे. यातली पहिली आणि शेवटची गोष्ट घरच्यांनी करायची. मधल्या दोन नगरपालिकेने. दोहोंपैकी एकानेच आपले काम केले तर दुसऱ्याचे वाया जाते. डोंगर पोखरून उंदीर काढण्याचा वाक्प्रचार आपण थट्टेने वापरतो. नगराच्या बाबतीत उलटे आहे. उंदीर काढायचा तर डोंगरच हलवावा लागतो, आणि तो डोंगर कचऱ्याचा असतो.

पुढे स्वातंत्र्याच्या आगेमागे डीडीटी आले. हिवतापाचे डास मारण्यासाठी घरांच्या भिंतींवर ते फवारले गेले, आणि त्याबरोबर पिसवाही मेल्या. १९४६ पासून त्या वेळच्या मुंबई प्रांतात धारवाड आणि कारवारच्या बाजूस डॉ. विश्वनाथन यांनी हे काम सुरू केले; १९५३ मध्ये ते राष्ट्रीय कार्यक्रम झाले. नव्या औषधांनी रोगीही बरे होऊ लागले. १९६६ नंतर जवळजवळ तीन दशके देशात प्लेगची नोंद झाली नाही. आपण समजलो की उंदराचा निकाल लागला. वास्तविक निकाल लागला होता पिसवेचा, आणि तोही तात्पुरता. उंदीर होता तिथेच होता.

१९९४ साली त्याने आठवण करून दिली. ऑगस्टमध्ये आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा ताप दिसला. सप्टेंबरात तापीकाठच्या सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग झाल्याची बातमी आली. पावसाळ्यात तापीला पूर येऊन गेला होता. सखल वस्त्यांत चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे पडून होती. ज्या शहरात हिऱ्यांना पैलू पडत आणि रेशमासारखे कापड विणले जाई, त्या शहराला आपला कचरा उचलता आला नव्हता. पन्नासहून अधिक माणसे गेली. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. त्यांत खानदेशातून पोटासाठी तिथे गेलेले आपले मराठी कामगारही होते. पळणाऱ्यांत काही डॉक्टरही होते, हे त्या वेळी सर्वांनी वाचले.

पण सुरतेची पुढची गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे पालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी उंदरांवर बक्षीस लावले नाही. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला अधिकारही दिला आणि जबाबदारीही. अधिकाऱ्यांनी रोज काही वेळ कचेरीत न बसता रस्त्यावर हिंडले पाहिजे असा नियम घातला. घाण करणाऱ्यास दंड केला, आणि तो वजनदार लोकांनाही केला. गरीब वस्त्यांत फरसबंदी, पाणी आणि शौचालये नेली. दोन वर्षे होण्याच्या आत सुरतेचे नाव देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत दुसरे म्हणून घेतले जाऊ लागले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला त्याहून भयंकर पूर आला. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पण प्लेग आला नाही. नदी तीच, उंदीर तेच. मधले नगर बदलले होते.

नदीकाठच्या माणसाने पूर आणि उंदीर यांचे नाते विसरता कामा नये. पूर आला की बिळांत पाणी शिरते, आणि घुशी-उंदीर आपल्याप्रमाणेच उंच जागा शोधतात; ती उंच जागा म्हणजे आपले घर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हाचे पुणे ज्यांनी पाहिले किंवा ऐकले, त्यांना चिखलाने भरलेली घरे ठाऊक आहेत. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात आणि अनवाणी पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. प्लेगच्या बाबतीत चुकीची ठरलेली अनवाणी पायांची कल्पना या रोगाच्या बाबतीत खरी आहे, हाही इतिहासाचा एक विनोद. २०१९ आणि २०२१ साली सांगली-कोल्हापूरच्या लोकांनी पूर पाहिले. पाणी ओसरल्यावर घर धुण्याचे काम किती दिवस चालते हे त्यांना विचारावे.

तेव्हा श्रोतेहो, या सव्वाशे वर्षांच्या हकीकतीतून आम्हाला दोन साध्या गोष्टी दिसतात. पहिली, घरातला उंदीर हा एका घराचा प्रश्न नसतो. तो भिंत मानीत नाही, पेठ मानीत नाही, जात मानीत नाही. पिंजऱ्यातला उंदीर दुसऱ्या गल्लीत सोडणे म्हणजे प्रश्न सोडविणे नव्हे. दुसरी, हा प्रश्न सर्वांचा आहे म्हणून कोणीही कोणाच्या घरात बूट घालून शिरावे असे नाही. १८९७ साली पहिली गोष्ट आपल्याला कळली नव्हती आणि दुसरी सरकारला. साथीच्या रोगांचा तो चार कलमी कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२० च्या साथीत आपण सर्व त्याच्या छायेखाली राहिलो. पुढेही अशी वेळ येणार नाही असे कोण म्हणेल?

ती वेळ आली तर, निदान एवढे व्हावे. घरात उंदीर आपोआप मेलेला दिसला तर त्याला हात लावू नये, तो गुपचूप शेजारी टाकू नये, आणि पालिकेला कळवावे. आणि ज्याला कळवले त्याने कळवणाऱ्यास गुन्हेगार न समजता पहिला पहारेकरी समजावे. केर काढणाऱ्या बाईचे निरीक्षण दप्तरात नोंदले जाईल आणि दप्तरातली माहिती तिच्यापर्यंत पोहोचेल, अशी जाण्यायेण्याची वाट नगरात असली पाहिजे. गटारे आणि झाडू पुढची कामे आहेत; ही वाट नसेल तर तीही नीट होत नाहीत. १८९७ साली पुण्यात ती वाट नव्हती. आज ती आहे की नाही, हे प्रत्येकाने घरी जाऊन आपल्या गल्लीत पाहावे.